बांगडीत अडकलेली बांगडी : जीवाणूच्या घरची वाटणी

चूल आवरून, भांडी तशीच ठेवून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. राहू द्या भांडी थोडा वेळ. आज आम्ही आपल्याच गटातल्या एका मावशींच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलो आहोत. उत्तर शोधायला आम्हाला पंधरा दिवस लागले आणि त्यासाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका घरात डोकवावं लागलं. चला, तुम्हीही या.

झालं असं. गेल्या महिन्यात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, आणि मावशींनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. वर्षभरात तिसऱ्यांदा त्यांना लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं आणि थंडीताप असा त्रास झाला होता. पहिल्या वेळी डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन नावाच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबली, तशा मावशींनी गोळ्याही थांबवल्या. उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. पुढे सुनेला सर्दीताप आला, तेव्हा त्यातल्या दोन तिला दिल्या. एकदा स्वतःला खोकला झाला तेव्हा दोन स्वतः घेतल्या. दुसऱ्या खेपेला जळजळ झाली तर दवाखान्यात न जाता दुकानातून त्याच गोळ्या आणल्या. तिसऱ्या खेपेला मात्र गोळ्यांनी काहीच फरक पडेना. मग डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. त्या रिपोर्टात औषधांची लांब यादी होती आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पुढे ‘आर’ असं अक्षर होतं. आर म्हणजे रेझिस्टंट. म्हणजे मावशींच्या अंगातला जंतू आता या औषधाला जुमानत नाही.

मावशींनी विचारलं, “गोळी तीच, दुखणं तेच, अंग माझंच. मग पहिल्यांदा लागू पडलेली गोळी आता का लागू पडेना? आणि त्या जंतूला हे शिकवलं कुणी?”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. “डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या घ्याव्यात,” एवढंच आम्हाला सांगता येत होतं. आणि खरं सांगायचं तर तसला बिस्किटाचा डबा आमच्याही घरी होता. म्हणून ठरवलं, हा प्रश्न नीट समजून घ्यायचा.

विरजणाच्या चमच्यातला हिशेब

सुरुवात दह्यापासून करू. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो, सकाळी पातेलंभर दही तयार. त्या चमच्यात जीवाणू असतात, त्यांनाच बॅक्टेरिया म्हणतात. रात्रभरात त्यांनी आपली संख्या वाढवलेली असते. नर-मादी, लग्न, बाळंतपण असं काही त्यांच्यात नाही. एक जीवाणू लांबट होतो, मध्ये भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ.

दह्यातले जीवाणू गुणाचे. मावशींच्या लघवीच्या मार्गात गेलेला जीवाणू वेगळा. त्याचं नाव ई. कोलाय. तो आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि तिथे बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. पण लघवीच्या मार्गात शिरला की जळजळ सुरू होते. बायकांमध्ये लघवीच्या संसर्गाचं सगळ्यात मोठं कारण हाच ई. कोलाय.

याला ऊब आणि भरपूर खायला मिळालं तर दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. तासाभरात एकाचे आठ. दोन तासांत चौसष्ट. आणि असंच चालू राहिलं तर सात तासांत एकाचे वीस लाखांच्या वर. आपल्या अंगात त्याला इतकी मोकळीक मिळत नाही, पण वाढीची ताकद कळावी म्हणून हा हिशेब सांगितला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. एकाचे दोन होताना नुसतं अंग कापून चालत नाही. घरात दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा भांडी-कुंडी वाटता येतात. पण सातबारा एकच असेल तर? त्याची नक्कल काढावी लागते आणि दोघांच्या हातात एकेक द्यावी लागते. जीवाणूच्या घरातही असा एक कागद आहे. त्याला गुणसूत्र म्हणतात. काय खायचं, भिंत कशी बांधायची, कुठलं प्रथिन कधी बनवायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ज्याच्या वाट्याला हा कागद आला नाही, तो जीवाणू वाढू शकत नाही. म्हणजे प्रत्येक वाटणीत दोन पूर्ण नकला हव्यात आणि एकेका घरात एकेक जायला हवी.

वीतभर डब्यात दीडशे मीटर दोरा

हे गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब दोरा. ई. कोलायमध्ये त्याची दोन्ही टोकं जोडलेली असतात, म्हणजे ती एक बंद बांगडीच. त्यावर सुमारे ४६ लाख अक्षरं असतात. हा दोरा सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. आणि ज्या जीवाणूच्या पोटात तो असतो, त्याची लांबी असते मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी.

हे डोळ्यांपुढे येत नाही ना? मग असं समजा. जीवाणू वीतभर लांबीचा डबा असता, तर त्यात दीडशे मीटर दोरा भरलेला असता. आणि तोही दुपदरी, पीळ घातलेला. वाटणीच्या वेळी त्याच डब्यात असा दुसरा दीडशे मीटर दोरा तयार होतो. मग एक दोरा डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला न्यायचा. गुंता होऊ द्यायचा नाही. गोधडी शिवताना दोऱ्याचं एक रीळ खाली पडलं तरी आपला अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. हा जीवाणू मात्र वीस मिनिटांनी एकदा ही वाटणी पार पाडतो, आणि नीट वाढत असताना हजारात एखादीसुद्धा सहसा चुकत नाही.

आपल्या शरीरातल्या पेशीही अशा दोन होतात. आपल्यात ४६ गुणसूत्रं असतात. पेशी दोन होताना बारीक तंतूंचा एक मागासारखा सांगाडा उभा राहतो आणि ते तंतू गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतंही. जीवाणूत मात्र असला सांगाडा कधी दिसला नाही. मग दोरा हलवतं कोण?

१९६३ साली फ्रान्समधले फ्रान्स्वा जाकोब, इंग्लंडमधले सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अंदाज मांडला. दोन्ही दोरे जीवाणूच्या आवरणाला आतून बांधलेले असावेत. आवरण मधून वाढत गेलं की दोन्ही दोरे आपोआप लांब जातील. भिंत सरकली की खुंटी सरकते, तसं. अंदाज साधा होता आणि बरीच वर्षं तो चालला. पण १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दोऱ्याच्या ठरावीक जागी हिरवं चमकणारं प्रथिन लावून जिवंत जीवाणूत बघितलं. दोऱ्याची ती जागा भिंत वाढते त्याहून कितीतरी वेगाने पळताना दिसली. म्हणजे नुसती खुंटी नव्हती. कोणीतरी काम करत होतं.

शेळी पुढे पुढे जाते तशी

पहिलं काम नक्कल काढण्याचं. ती कुठूनही सुरू होत नाही. बांगडीवर एक ठरावीक जागा असते, तिथूनच सुरुवात होते. तिथून नकलाकारांच्या दोन टोळ्या निघतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. प्रत्येक टोळी सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरं उतरवते. दोघी समोरच्या बाजूला येऊन भेटतात, तेव्हा नक्कल पुरी होते. याला लागतात सुमारे चाळीस मिनिटं.

तुम्ही म्हणाल, नक्कल चाळीस मिनिटांची आणि जीवाणू वीस मिनिटांत दोन, हे कसं जमतं? आम्हीही इथेच अडकलो होतो. तर, खायला भरपूर असेल तेव्हा पहिली नक्कल पुरी व्हायच्या आधीच तो दुसरी सुरू करतो. लेक जन्मायच्या आधीच नातीचा बाळंतविडा तयार करायला घ्यावा, तसा प्रकार.

आणि जीवाणू नक्कल पुरी व्हायची वाटही बघत नाही. जेवढा दोरा तयार झाला तेवढा लगेच बाजूला न्यायला लागतो. सगळा ढीग करून मग निवडण्यापेक्षा, ज्वारी पाखडतानाच सुपातले खडे बाजूला करत जावेत, तसं. गुंता न होण्याचं निम्मं कारण हेच आहे.

बाजूला नेण्याच्या युक्त्या मात्र सगळ्यांच्या सारख्या नाहीत. कॉलऱ्याच्या जीवाणूचं बघा. त्याच्याकडे एक सोडून दोन गुणसूत्रं असतात. मोठ्या गुणसूत्रावर, नक्कल सुरू होते त्या जागेजवळ, एका प्रथिनाचा घोळका बसतो. त्याला पारबी म्हणतात. पारए नावाचं दुसरं प्रथिन पुढे पसरलेलं असतं. पारबी पारएला पकडतं, आणि पकडताच पारए तिथून सुटून जातं. मग पारबी त्याच्या पुढच्या पारएकडे सरकतं. शेळी चरताना बघा. पायाजवळचा चारा संपला की ती पुढे जाते, मागे वळत नाही, कारण मागे काही उरलेलंच नसतं. तशीच ही जागा आपल्यामागे दोरा घेऊन दुसऱ्या टोकाकडे जाते.

ई. कोलायच्या गुणसूत्राकडे ही शेळी नाही. तिथे दुसरं प्रथिन दोऱ्याचे वेटोळे करून प्रत्येक नकलेला आपापल्या लडीत गोळा करून ठेवतं. याचा शोध लागण्याची गोष्ट मजेची आहे. जपानमधल्या सोता हिरागा यांच्या गटाने १९८९ मध्ये असे ई. कोलाय शोधले, ज्यांची वाटणी चुकते. एका घरात दोन्ही नकला जातात आणि दुसरं घर कोरडं राहतं. केंद्रच नसलेल्या पेशीला जपानी भाषेत ‘मुकाकु’ म्हणतात. त्यावरून या प्रथिनाच्या नावात ‘मुक’ आलं. बिघडलेल्या घरावरून घर कसं चालतं ते कळलं. आपल्याकडेही सासूबाई माहेरी गेल्यावरच कळतं की घरातलं कोणतं काम त्या करत होत्या.

बांगडीत बांगडी

आता सगळ्यात अवघड जागा आली. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

सुतळीचे दोन पदर मधून धरून ओढून बघा. जिथे पदर सुटतात, त्याच्या पुढे पीळ घट्ट घट्ट होत जातो आणि शेवटी गाठ पडते. डीएनएच्या दोऱ्याचंही तसंच आहे. दर दहा-साडेदहा अक्षरांमागे एक पीळ. म्हणजे ई. कोलायच्या दोऱ्यात चार लाखांहून जास्त पीळ. नक्कल काढायची तर पदर सुटायला हवेत, आणि पदर सुटले की पुढचा पीळ आवळत जाणार. हा पीळ सैल करायला एक प्रथिन असतं, त्याचं नाव गायरेज. अमेरिकेतल्या मार्टिन गेलर्ट यांच्या गटाने ते १९७६ मध्ये शोधलं.

दुसरी अडचण शेवटाला येते. नक्कल पुरी झाली की दोन बंद बांगड्या तयार होतात, पण त्या एकीत एक अडकलेल्या असतात. काचेच्या दोन बांगड्या अशा अडकल्या तर तुम्ही काय कराल? कितीही फिरवा, सुटणार नाहीत. एक फोडावीच लागेल. जीवाणूही तेच करतो. एक प्रथिन येतं, एक बांगडी एका जागी तोडतं, दुसरी त्या फटीतून बाहेर काढतं आणि तोडलेली बांगडी होती तशी जोडून टाकतं. कुठला कासार असं करील, सांगा! या प्रथिनाला टोपोआयसोमरेज चार म्हणतात. नाव अवघड आहे, आपण त्याला कासारच म्हणू. पीळ सोडवणारं गायरेजही असंच काम करतं. दोरा तोडायचा, दुसरा भाग आरपार न्यायचा, पुन्हा जोडायचं.

इतकं झाल्यावर मध्ये भिंत उभी राहते. एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं एक कडं बरोबर मध्यावर तयार होतं आणि तिथे भिंत आत आत येऊ लागते. दोरा अजून मध्ये असेल तर भिंत तिथे घालू नये, म्हणून राखण करणारी प्रथिनं वेगळी असतात. आणि भिंतीच्या दारात एक पंपही असतो. दोऱ्याचं शेपूट चुकून दारात राहिलं तर तो ते ओढून ज्याच्या त्याच्या घरात पोचवतो. मग दार बंद. एकाचे दोन झाले.

गोळी नक्की काय करते

आता मावशींची गोळी. तोडलेली बांगडी जोडण्याआधीचा एक क्षण असतो. कासाराच्या हातात बांगडी फुटलेल्या स्थितीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकी त्याच क्षणी तिथे जाऊन अडकते. कासाराला बांगडी जोडताच येत नाही. गायरेजलाही नाही. दोरा तुटलेला राहतो, नक्कल काढणाऱ्या टोळ्या तिथे येऊन धडकतात, सातबाऱ्याचे तुकडे पडतात आणि जीवाणू मरतो. वाटणीसाठी जे हत्यार त्याने ठेवलं, त्यानेच त्याचा घात होतो.

या कुळातलं पहिलं औषध नॅलिडिक्सिक ॲसिड. ते १९६२ मध्ये सापडलं. पुढे १९८० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही त्यांचीच भावंडं. टीबीची नेहमीची औषधं लागू पडत नाहीत तेव्हा ही भावंडं उपयोगी येतात. टीबीच्या जीवाणूकडे तर वेगळा कासारही नसतो, पीळ सोडवणं आणि बांगड्या सोडवणं ही दोन्ही कामं एकटं गायरेज करतं. म्हणून हे औषध तिथे मोलाचं आहे. ते वाया गेलं तर त्या रोग्याच्या हातातलं एक मोठं हत्यार जातं.

ते वाया कसं जातं? नक्कल काढताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. कोट्यवधी जीवाणूंत एखाद्याच्या गायरेजच्या मजकुरातलंच अक्षर चुकतं. त्याचं गायरेज जरा वेगळ्या आकाराचं होतं. काम ठीक करतं, पण गोळीला तिथे नीट अडकून बसता येत नाही. म्हणजे जंतूला कुणी शिकवलेलं नाही, मावशी. तो चुकून तसा जन्मला. गोळी शिकवत नाही, गोळी निवड करते. बाकीचे मेले, हा राहिला. आणि मग याची पोरं, नातवंडं सगळी तशीच, कारण वाटणी इतकी चोख की तो चुकलेला मजकूरही प्रत्येक घरात जसाच्या तसा जातो.

कपाशी लावणाऱ्या मैत्रिणींना हे नवीन नाही. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरत होती. नंतर गुलाबी बोंडअळी त्या कपाशीला जुमानेनाशी झाली. जी थोडी वाचली, त्यांचीच पुढे पैदास झाली.

जीवाणूंकडे आणखी एक सोय आहे. मोठ्या बांगडीशिवाय काहींच्या पोटात डीएनएच्या लहान लहान अंगठ्या असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषधाला दाद न देण्याची कृती अशा अंगठीवर लिहिलेली असू शकते, आणि ती अंगठी शेजारच्या जीवाणूला देताही येते. १९५० च्या दशकात जपानमध्ये आव-रक्ताच्या हगवणीचे असे जीवाणू सापडले, ज्यांना एकाच वेळी अनेक औषधं लागू पडत नव्हती. तो प्रकार या अंगठ्यांचा होता. या अंगठ्यांचीही वाटणी होते. एका जातीच्या अंगठीत तर प्रथिनाची काडी तयार होते, ती वाढत जाते आणि दोन नकलांना दोन टोकांकडे ढकलते. म्हणजे लेकीच्या ओटीत अंगठी पडलीच पाहिजे, अशी व्यवस्था.

मग मावशींच्या बाबतीत काय झालं असेल? नक्की कुठल्या दिवशी काय घडलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण डॉक्टरांनी समजावलं ते असं. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. विषाणूकडे ना गायरेज, ना कासार. तिथे ही गोळी काहीच करत नाही. पण पोटात गेलेली गोळी आतड्यातल्या ई. कोलायपर्यंत पोचतेच. तिथले साधे जीवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि त्यांना मोकळं रान मिळतं. पुढे लघवीच्या मार्गात शिरतात ते त्याच आतड्यातले. डब्यातल्या प्रत्येक दोन गोळ्यांनी अशी एकेक निवडणी केली.

आमच्या गटाने काय ठरवलं

मावशींना आता कल्चरच्या रिपोर्टात ज्या औषधापुढे ‘एस’ अक्षर होतं, त्यातलं एक दिलं गेलं. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, म्हणजे जंतू त्याला दाद देतो. त्यांना बरं वाटतंय. पण यादीत आर किती आणि एस किती, हे त्यांनी आम्हाला बोट ठेवून दाखवलं तेव्हा आम्ही गप्प झालो. एस उरलेच नाहीत तर पुढच्या वेळी काय द्यायचं?

म्हणून बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्याही गटात बोलून बघा.

एक. सर्दी-पडशाला स्वतःहून अँटिबायोटिक घ्यायचं नाही आणि दुकानदाराकडे मागायचंही नाही. गोळ्यांच्या पाकिटावर कडेला लाल उभी रेघ असते. ती असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ.

दोन. किती दिवस घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. काही आजारांना तीन दिवस पुरतात, काहींना महिने लागतात. स्वतःच्या मनाने कमी करायचं नाही, आणि वाढवायचंही नाही. गोळीने मळमळलं, सांधे-स्नायू दुखायला लागले, अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना विचारायचं, ते बदलून देतील.

तीन. आपली गोळी दुसरीला द्यायची नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातलं औषध गरोदर बाईला आणि लहान मुलाला शक्यतो देत नाहीत. मावशींची सून तेव्हा गरोदर असती तर?

चार. टीबीचं औषध मध्येच सोडायचं नाही. ई. कोलायची वाटणी वीस मिनिटांत होते, टीबीच्या जीवाणूची एक वाटणी व्हायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. काही तर वाटणी न करता नुसते दबून बसतात. वाढणाऱ्यालाच जास्त मार बसतो, म्हणून दबून बसलेल्यांना गाठायला महिने लागतात. खोकला थांबतो, वजन वाढतं, भूक लागते, तरी आत काही उरलेले असतात. नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आहे तो म्हणूनच. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. गटातल्या कुणाच्या घरी टीबी असेल तर तिच्या गोळ्यांची आठवण ठेवणं हे गटाचंही काम समजू.

पाच. कोंबड्या, शेळ्या, म्हशी यांनाही मनाने अँटिबायोटिक द्यायचं नाही. कोंबड्यांच्या पाण्यात घालतात ते एन्रोफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचंच भावंड. तेही कासाराचाच हात धरतं. पशुवैद्याला विचारून द्यायचं, आणि औषध चालू असताना दूध-अंडी किती दिवस वापरायची नाहीत, तेही विचारून घ्यायचं.

आणि डबा? मावशींचा डबा त्याच बैठकीत उघडला. आम्हीही आमचे आणले. चार घरांच्या डब्यांतून सतरा प्रकारची उरलेली पाकिटं निघाली. काहींची तारीख दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती. ती सगळी आम्ही आशाताईंना दाखवली. उकिरड्यावर किंवा मोरीत टाकली असती तर तिथल्या जीवाणूंनाही तोच खेळ खेळायला मिळाला असता. ती आरोग्य केंद्रात नेऊन द्यायची, असं ठरलं.

मावशी घरी जाताना म्हणाल्या, “एवढासा जंतू, पण त्याची वाटणी किती नेमाची. आमच्या घरात बांधावरून अजून भांडण चालू आहे.” सगळ्या हसल्या. मग मावशीच म्हणाल्या, “त्याचा नेम मोडायला एक गोळी आहे आपल्याकडे. ती तरी नीट वापरू.”

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही डबे असतील. पुढच्या बैठकीला घेऊन या, आणि काय काय निघालं ते आम्हाला कळवा. कार्यक्रमात वाचून दाखवू, नाव न सांगता. आता भांडी घासायला हरकत नाही. नमस्कार.